पुढे ओढलेली सीट

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

हवा स्वच्छ. पश्चिमेला थोडे ढग. समुद्र शांत.

ऋतिकानं जानेवारीत ही डायरी दिली होती. "बाबा, निवृत्त माणसानं काहीतरी लिहावं," असं म्हणाली आणि डोंबिवलीला निघून गेली. लेकीची भेट म्हणून जपून ठेवली, म्हणजे कपाटात ठेवली. आज उघडली, कारण आज लिहिण्यासारखं आहे.

बोटीवर सारंग होतो तेव्हा डेकवरची माणसं, दोर, नांगर हे माझ्याकडे. लॉग, म्हणजे बोटीची नोंदवही, लिहायचे अधिकारी. पण दिवसाची पहिली ओळ हवेची, ही सवय मलाही लागली. तेव्हा इथेही तसंच.

कोलंबो बंदरात मी कितीदा गेलो ते मोजलेलं नाही. पाहिलं काय, तर क्रेन आणि गोदामं. एकदाच गेटबाहेर पडलो, तो टेलिफोन बूथपर्यंत. तिथून सगुणाला सांगितलं होतं, "एक दिवस तुला इथे आणीन आणि गाडीनं अख्खं बेट फिरवीन." ती म्हणाली होती, "आधी घरी या."

आज गाडीची पूजा झाल्यावर जाहीर केलं. फेब्रुवारीत श्रीलंका, गाडी भाड्यानं घेऊन, एकेक बंदर घेत फिरावं तसं एकेक गाव घेत. तिथेही आपल्यासारखंच डाव्या बाजूनं चालवतात, म्हणजे काहीच नवं शिकायला नको.

सगुणा म्हणाली, "गाडी कोण चालवणार?"

"मी. दुसरं कोण?"

ती गाडीकडे बघत राहिली. बॉनेटवर काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक जरा घसरून हेडलाइटवर उतरलं होतं. तिनं पदरानं पुसून परत काढलं. "दिसतंय ना नीट?" असं विचारलं. मी म्हटलं, छान दिसतंय.

१६ ऑक्टोबर

हवा दमट. उकाडा.

सकाळी गाडीत बसलो तर गुडघे स्टिअरिंगला लागले. सीट पार पुढे ओढलेली. आरसाही खाली केलेला. हे अजिंक्यचं काम. माझा पुतण्या, शेजारीच राहतो, बँकेत आहे आणि दुसरी किल्ली त्याच्याकडे असते. त्याला विचारलं तर म्हणाला, "हो काका, मीच." अजिंक्य माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. आजकालची पोरं कशी बसतात देव जाणे.

खालच्या चटईवर लाल मातीही होती. धुवून घेतली.

२१ ऑक्टोबर

वारा पडलेला. लाटा नाहीत.

संध्याकाळी घराजवळच्या मांडवीच्या जेटीवर गेलो. बाबल्या तिथे रोज असतो. आयुष्यभर मच्छीमारी केली, आता पोरं जातात आणि हा जेटीवर बसून त्यांच्या चुका काढतो. लांबून हात केला, उत्तर नाही. जवळ गेलो तर तो दोर बांधायचा खुंट होता. बाबल्या माझ्या मागे उभा.

"काय सारंग, खुंटाला रामराम करतोस?"

"ऊन डोळ्यावर होतं."

"सूर्य बुडला, मेल्या."

मग लंकेचं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तिकडे काय आहे?"

"समुद्रकिनारे, देवळं, डोंगर, चहाचे मळे."

"झाडं कसली?"

"नारळ, फणस, सुपारी."

"जेवण?"

"भात आणि माशाचं कालवण."

"म्हणजे विमानानं जाऊन मांडवीलाच उतरणार." तो इतका हसला की खोकला आला. "हत्ती तरी आहेत का?"

"आहेत."

"ते सिंधुदुर्गात आलेत. एस्टीनं जा."

२७ ऑक्टोबर

हवा कोरडी. सकाळी गारवा.

आज मोठा कागद घेऊन मार्ग आखला. विमान उतरतं ते नेगोंबोजवळ, तिथूनच सुरुवात. मग अनुराधापुरा, तिथून सिगिरियाचा खडक, कँडी, नुवारा एलिया, एला, आणि डोंगर उतरून दक्षिणेचा किनारा धरून मिरिसा, गॉल, परत नेगोंबो. बोटीचा मार्ग आखताना कॅप्टन आधी धोक्याच्या जागांवर खुणा करायचे. मीही लाल पेन्सिलीनं केल्या. नुवारा एलिया ते एला हा घाट लालेलाल आहे.

नकाशावरची अक्षरं फार बारीक छापतात. हल्लीची छपाईच फिकी. वर्तमानपत्राचंही तेच झालंय. खोलीतली ट्यूब बदलली, फारसा फरक नाही.

सगुणा शेजारी येऊन बसली. एरवी ती "तुम्ही ठरवाल ते" म्हणते. आज म्हणाली, "चढावर पुढची गाडी थांबली तर?"

"आपणही थांबायचं."

"आणि निघताना मागे घसरली तर? हँडब्रेकवर उचलायची ना?"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. ती म्हणाली, अजिंक्य सांगत होता. नंतर असंही म्हणाली की मिरजोळ्याच्या रस्त्यावर नवा स्पीडब्रेकर झालाय, लक्षात ठेवा, दिसत नाही. मिरजोळ्याला ही कशाला गेली होती? भजनी मंडळाचं काही असेल. हल्ली सकाळी सातलाच भजनाला जाते. देवाला एवढ्या लवकर उठवतात हे नवीनच.

१० नोव्हेंबर

मंडणगड. सकाळी धुकं, नंतर निरभ्र.

काल सगुणाच्या माहेरी आलो. भाताची कापणी झाली आहे, खळ्यात झोडणी चालू. तिचा भाऊ आत्माराम लंकेचं ऐकून आधी हसला आणि मग गंभीर झाला.

"भावोजी, परदेशात चाललात. देवीचा कौल घ्यायलाच हवा. न इचारता जायचं न्हाय."

मी पंचवीस वर्षं कौल न घेता सात समुद्र फिरलो, असं म्हणणार होतो. पण सासुरवाडी आहे. सकाळी देवळात गेलो. धोंडू गुरवानं देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावल्या. उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. धोंडूनं विचारलं, "काय मागणं घालू? नीट सांगा."

मी म्हटलं, "मी स्वतः गाडी चालवून सगुणाला लंका फिरवीन. होकार दे."

धोंडूनं गाऱ्हाणं घातलं. डावी कळी टपकन पडली.

आत्माराम म्हणाला, "पुन्हा घालू?" धोंडू म्हणाला, "आज न्हाय. एकदा सांगितलंन."

माझा चेहरा उतरला असणार. बाहेर आल्यावर सगुणा तोंडाला पदर लावून हसत होती. मी चिडलो.

"हसतेस काय? देवी नाही म्हणाली."

"तुम्ही विचारलंत तेवढ्यालाच नाही म्हणाली," असं बोलून ती भावजयीबरोबर पुढे चालू लागली.

याचा अर्थ मला लागलेला नाही. तीस वर्षांत तिच्या बऱ्याच बोलण्याचा लागलेला नाही.

११ नोव्हेंबर

हवा बरी.

काल दुपारी जेवून निघालो. हातखंब्याच्या अलीकडे अंधार पडला. महामार्गाचं काम चालू आहे, रस्ता एकदम डावीकडे वळवलेला, मध्ये पिंपं ठेवलेली. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे इतके प्रखर की प्रत्येक दिव्याभोवती कडं दिसत होतं, चंद्राला खळं पडतं तसं. पिंपं मला दिसलीच नाहीत. सगुणा ओरडली, "डावीकडे! ब्रेक!" थोडक्यात वाचलो.

असल्या दिव्यांवर बंदी आणली पाहिजे.

एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली आहे. ओरडताना तिचे दोन्ही पाय खाली दाबले गेले. शेजारी बसलेला माणूस घाबरला की उजवा पाय दाबतो, सगळेच दाबतात. तिनं डावाही दाबला. डावा कशाला?

घरी पोचलो. उतरताना म्हणाली, "आता अंधारात नको."

१४ नोव्हेंबर

हवा कोरडी. पुढची काच लिंबानं धुतली. वायपर बदलले. हेडलाइटचे बल्ब नवे घातले. मेकॅनिक म्हणाला, "सारंगकाका, जुने चांगले होते."

सीट परत पुढे. अजिंक्यला झापलं. तो मान खाली घालून उभा राहिला आणि मग आत जाऊन हसला. मला ऐकू आलं. कान माझे उत्तम आहेत.

२६ नोव्हेंबर

हवा थंड. लंकेच्या गाडीवाल्याशी बोलणं झालं. नाव सुनिल, अगदी आपल्यातलं. इंग्रजी माझ्याएवढंच येतं त्याला, त्यामुळे चांगलं जमलं. म्हणाला, आंतरराष्ट्रीय परवाना आणा, तिथला कागद मी करून देतो.

दुपारी निशिगंधा नावाची एक बाई आली होती. तिशीची, चटपटीत, स्वतःची गाडी घेऊन आली. बचत गटाची असावी. मी चहा विचारला. ती म्हणाली, "काकूंचं फार कौतुक वाटतं हो काका. पहिल्या दिवशी केवढा पाय दाबायच्या. आता कसा अलगद पडतो!"

म्हणजे मंडळात नाच बसवतायत. सगुणा या वयात नाचते आणि मला सांगत नाही. तिला आवडतंय तर नाचू दे. कार्यक्रम कधी आहे एवढं विचारलं. निशिगंधा म्हणाली, "नऊ डिसेंबरला." सगुणानं आतून तिला हाक मारली.

३ डिसेंबर

आज हवेचं लिहीत नाही.

परवान्यासाठी तब्येतीचा दाखला लागतो म्हणून डॉक्टरांकडे गेलो. भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. पहिली ओळ वाचली. दुसरी अंदाजानं सांगितली. तिसऱ्या ओळीला मी म्हटलं, तुमचा दिवा कमी आहे.

डॉक्टर तरुण आहेत, पण समजूतदार. डोळ्यांत थेंब घातले, यंत्रातून पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा चांगलाच पिकलाय. "काका, तुम्ही गाडी चालवत होतात?" असं त्यांनी विचारलं आणि मग हळूच म्हणाले, "आता चालवू नका." दाखला दिला नाही.

धुक्यात मासेमारीची होडी मी सगळ्यांच्या आधी बघायचो. कॅप्टन म्हणायचे, सारंगाला पुढे उभा करा. तो मी, काचा धूत बसलो होतो.

कुणाला सांगितलेलं नाही. थेंबांमुळे जग पांढरं दिसत होतं, चाचपडत घरी आलो. सगुणा दारातच उभी होती. म्हणाली, "उन्हातून आलात, बसा." कोकमाचं सरबत दिलं. काही विचारलं नाही, हे बरं झालं.

५ डिसेंबर

तिला सांगून टाकलं की लंका रद्द. कारण सांगितलं, फेब्रुवारीत तिकडे फार पाऊस असतो, म्हणे. ती म्हणाली, "बरं."

एवढंच. मला वाटलं होतं, तिला वाईट वाटेल. बहुतेक तिला जायचंच नव्हतं. नकाशा गुंडाळून कपाटावर ठेवला. थोड्या वेळानं म्हणाली, "सोमवारी सकाळी माझ्याबरोबर एका ठिकाणी यायचंय."

"कुठे?"

"कार्यक्रम आहे ना माझा. निशिगंधानं सांगितलं नाही का?"

नाच बघायची इच्छा नाही. पण जाईन.

९ डिसेंबर

हवा स्वच्छ असावी. मला काय दिसतंय! तरी लिहितो: स्वच्छ.

सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर गोंधळ होईल.

अजिंक्यनं आम्हाला गाडीनं सोडलं. मी विचार करत होतो, एवढ्या सकाळी कसला कार्यक्रम. गाडी आरटीओच्या मैदानावर थांबली. सगुणा म्हणाली, "तुम्ही इथे बाकावर बसा. आलेच." आणि गेली. शेजारी निशिगंधा येऊन बसली. मला वाटलं, तिचं काही कागदाचं काम असेल.

मैदानावर परीक्षा चालू होती. पांढऱ्या रेघांनी इंग्रजी आठाचा आकडा काढलेला, त्यावरून एकेक गाडी फिरत होती. एका पोरानं पिंप पाडलं, दुसऱ्यानं मधेच गाडी बंद पाडली. मग एक पांढरी गाडी आली. आत कोण ते मला दिसेना, काचेमागे नुसता ठिपका. पण गाडी दिसत होती. काय सुरेख वळली! कुठे धक्का नाही, कुठे घाई नाही. बोट धक्क्याला लावताना चांगला सुकाणूवाला असाच हळूहळू आणतो. आठ पुरा झाला. मग चढावर थांबली, आणि निघताना बोटभरही मागे आली नाही.

मी निशिगंधाला म्हटलं, "हा पोरगा बोटीवर हवा होता. हात बघ किती शांत आहे. कुणाचा कोण?"

निशिगंधा माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू.

"काका, काकू आहेत त्या."

गाडी थांबली. दार उघडलं आणि मोरपिशी रंग खाली उतरला. तो रंग मला कुठूनही ओळखू येईल. ऋतिकाच्या लग्नात घेतलेलं लुगडं.

मी उठून उभा राहिलो. आजूबाजूची पोरं टाळ्या वाजवत होती. सगुणा समोर आली, कपाळावर घाम, आणि म्हणाली, "पाऊस दक्षिणेला फेब्रुवारीत नसतो. मी बघितलंय. आता नकाशा खाली काढा."

१० डिसेंबर

हवा: माहीत नाही. दिवसभर घरात फुगून बसलो होतो.

माझ्या गाडीत, माझ्या नाकाखाली, निशिगंधा शिकवणारी, माझा पुतण्या सामील, शेजारपाजार सामील. बाबल्यालाही ठाऊक होतं! तो म्हणाला, "सारंग, अख्ख्या मांडवीनं बघितलं तिला. तुलाच फक्त दिसत नव्हती."

संध्याकाळी भाजी निवडायला ती समोर बसली. मीच बोललो.

"कधी ठरवलंस?"

"गणपतीत. आरतीला तुम्ही समईला ओवाळत होतात. गणपती शेजारी बसून बघत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर ऐकलं असतंत? बोटीवर तुमच्याएवढी नजर कुणाची नव्हती, हे लग्न झाल्यापासून ऐकतेय."

"आणि दसऱ्यापासून मी नकाशे काढत होतो, ते?"

"तुम्ही स्वतःहून डॉक्टरकडे कधी जाता याची वाट बघत होते. तोवर रिकामी कशाला बसू?"

"डॉक्टरचं तुला कुणी सांगितलं?"

"डोळ्यांत थेंब घालून माणूस रत्नागिरीच्या रस्त्यानं चालत येतो, ते घरी कळत नाही होय? तिघींचे फोन आले." मग देठ तोडता तोडता म्हणाली, "भजनाला मात्र सप्टेंबरपासून गेले नाहीये. ते तेवढं खोटं बोलले."

हसायला आलं. ठरवलं होतं की दोन दिवस तरी फुगून राहीन. जमलं नाही.

२० डिसेंबर

हवा निरभ्र. हे माझ्या डोळ्यानं बघून लिहितोय.

काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आज पट्टी काढली. पांढरं इतकं पांढरं असतं हे मी विसरलो होतो. माझ्या लेंग्याला डाग आहेत. ट्यूबलाइट उत्तम आहे, उगाच बदलली. खाडीवरचे बगळे मोजता येतात. सगुणाच्या हनुवटीवर बारीक तीळ आहे, तो तसाच आहे. तिला सांगितलं तर म्हणाली, "कुठे जाणार तो?"

डावा डोळा जानेवारीत.

२६ जानेवारी २०२५

मंडणगड. थंडी. आंब्याला मोहोर चांगला.

लंकेआधी चाचणी हवीच. नवी बोट आधी बंदराबाहेर नेऊन आणतात, तसं. सगुणानंच ठरवलं, माहेरी जायचं. गाडी तिनं चालवायची आणि मी गप्प बसायचं. ही अट तिनं अजिंक्यसमोर माझ्याकडून कबूल करून घेतली.

हातखंब्यापर्यंत मी गप्प होतो. पुढे माझा उजवा पाय खाली दाबून दाबून दुखायला लागला.

"पाय वर घ्या, चटई फाटेल."

"ट्रक आहे पुढे."

"दिसतोय. तुम्हाला आता दिसायला लागला म्हणून मला सांगताय?"

खेडनंतर आतला रस्ता, वळणावर वळण. एका ठिकाणी एस्टी समोर आली. सगुणानं गाडी मागे घेतली, शांतपणे, जागा करून दिली. ड्रायव्हरनं खिडकीतून हात वर केला. बाईला नव्हे, ड्रायव्हरनं ड्रायव्हरला करावा तसा. तिनंही केला. मग बराच वेळ ती एकटीच हसत होती.

"या एस्टीत मागच्या सीटवर ऋतिकाला मांडीवर घेऊन यायचे," ती म्हणाली. "प्रत्येक खेपेला उलटी. तुम्ही कुठल्या तरी समुद्रात."

गावात शिरताना तिनं हॉर्न दिला. गरज नव्हती, पण दिला. आत्माराम खळ्यातून धावत आला, आणि माझ्या बाजूला येऊन विचारायला लागला, "भावोजी, बरं न्हाय का तुमाला?" मग पलीकडे बघितलंन. तोंड उघडं ते उघडंच. बायका जमल्या. एक म्हातारी सगुणाचा हात हातात घेऊन उलटापालटा करून बघत राहिली.

संध्याकाळी देवळात गेलो. या वेळी सगुणा पुढे झाली. धोंडूला म्हणाली, "सांग तिला, आम्ही दोघं लंकेला जातोय. गाडी मी चालवीन, वाट हे दाखवतील."

कळ्या लावल्या. कितीतरी वेळ एकही हलेना. धोंडू गाऱ्हाणं घालतच राहिला. मग उजवी पडली. आत्मारामनं डोळे पुसलेन. मी देवळात सहसा काही मागत नाही, पण हात जोडले.

८ फेब्रुवारी

हवा स्वच्छ.

डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले. शेवटची ओळही वाचली, तिच्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. "काका, आता खुशाल चालवा," म्हणाले आणि दाखला दिला.

घरी येऊन सांगितलं. सगुणा म्हणाली, "छान झालं." मनापासून म्हणाली. डोळ्यांसमोर बोटं धरून किती म्हणून विचारलंन, लहान मुलासारखं. मग थोड्या वेळानं, "मग तिकडे तुम्हीच चालवाल ना?"

मी म्हटलं, बघू.

खरं लिहायचं तर मला चालवायची आहे. बूथवरून सांगितलं होतं ते असं होतं, की मी चालवतोय आणि ती बघतेय. इतकी वर्षं मनात तेच चित्र आहे.

१२ फेब्रुवारी

हवा कोरडी. माझाही आंतरराष्ट्रीय परवाना आला. तिचा आधीच आला होता. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

चार दिवस गाडी जागची हलली नाही. सीट माझ्या मापाला मागे आहे. सगुणा म्हणते, सामान भरायचंय, वेळ कुठे आहे. तिनं गाडीसाठी खास कॅनव्हासचे बूट घेतले होते, चपलेनं क्लच नीट दाबला जात नाही म्हणून. आज बॅगेतून ते काढून परत कपाटात ठेवले आणि चपला भरल्या. वजन कमी करतेय म्हणे. बुटांचं वजन ते किती!

१५ फेब्रुवारी

वारा उत्तरेचा, मंद.

जेटीवर निरोप घ्यायला गेलो. बाबल्यानं एक नारळ दिला. "तिकडच्या देवळात वाढव. आपलाही एक असू दे." मग विचारलंन, "मगे सुकाणूवर पहारा कुणाचा?"

"ठरलेलं नाही."

"म्हणजे तिचा होता तो तू घेतलास?"

मी म्हटलं, मी काही घेतलेला नाही, तिनंच दिला.

"तिनं कधी काय दिलं नाही तुला?" बाबल्या म्हणाला आणि पोरांच्या होडीकडे बघून ओरडायला लागला की दोर चुकीचा बांधलाय.

चालत घरी आलो. वाटेत मला ते बूट आठवले. आणि एस्टीवाल्यानं केलेला हात. सगुणा शेजारी निरोप घ्यायला गेली होती. कपाट उघडलं, बूट काढले आणि माझ्या बॅगेत, माझ्या शर्टांच्या खाली ठेवले. सारंगाला सामान रचता येतं. बाहेरून कळत नाही.

१७ फेब्रुवारी, नेगोंबो

हवा निरभ्र. वारा ईशान्येचा. समुद्र शांत, आपल्यासारखाच.

विमानातून खाली बघून सगुणा म्हणाली, "बाबल्याभावोजी खरं बोलत होते. नारळच नारळ." पहाटे खिडकी उघडली तर सुक्या मासळीचा वास. तिनं लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "घरी आल्यासारखं वाटतंय, फक्त स्वयंपाक करायचा नाहीये."

नाश्त्यानंतर सुनिल गाडी घेऊन आला. माझ्याएवढाच असेल, हसरा. सगळे कागद झाले. गाडी लहान आहे, निळी. त्यानं किल्ली माझ्यापुढे धरली. साहजिक आहे, कुणीही माझ्यापुढेच धरली असती. सगुणा आधीच डावीकडच्या दाराशी जाऊन उभी होती, पर्स पोटाशी धरून, समोर रस्त्याकडे बघत.

मी किल्ली घेतली नाही. बॅग उघडली, शर्ट बाजूला केले, बूट काढले आणि तिच्या पायाशी ठेवले.

ती बुटांकडे बघत राहिली.

"हे कुणी भरले?"

"अजिंक्यनं असतील."

"अजिंक्यनं." तिचा आवाज जरा बदलला. "तुम्हाला चालवायची होती ना?"

"कोलंबो बंदरात कितीदा आलो, काही बघितलं नाही. आता दोन्ही डोळे नवे आहेत. रस्त्याकडे बघण्यात घालवू?"

"घाटात ओरडाल."

"ओरडणार. टेहळणीवाला ओरडतोच, त्याचं कामच ते."

सुनिलला काय चाललंय ते कळत नव्हतं. तो एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. मग सगुणानं चपला काढल्या, फुटपाथवर वाकून बुटांच्या नाड्या बांधल्या आणि त्याच्यापुढे हात केला. त्यानं किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि का कोण जाणे, थोडा वाकला.

मी डावीकडे बसलो. मांडीवर नकाशा, पायाशी बाबल्याचा नारळ. पहिलं बंदर अनुराधापुरा. बाहेर पडून उजवीकडे वळायचं, मग सरळ.

ती आत आली, दार ओढून घेतलं. आरसा खाली केला. मग खाली हात घालून, खट्कन आवाज करत, सीट पार पुढे ओढली.